कॉम्प्रेशनचे मोजे: धावणाऱ्यासाठी गरज की अनावश्यक खर्च?

पहाटवारा (दादर): जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी मी दर रविवारी लांब पल्ला धावते. पूर्वी सोमवारी सकाळी स्टेशनचा जिना उतरताना पोटऱ्या इतक्या भरून आलेल्या असत की कठड्याचा आधार घ्यावा लागे. कॉम्प्रेशनचे, म्हणजे पोटरीला आवळून दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे वापरू लागल्यापासून तो त्रास बराच कमी झाला आहे. या मोज्यांचा दाब घोट्यापाशी सर्वाधिक असतो आणि गुडघ्याकडे कमी होत जातो, त्यामुळे शिरांमधले रक्त हृदयाकडे परतायला मदत होते, शिवाय पाऊल आपटताना पोटरीच्या स्नायूंना बसणारे हादरेही कमी होतात. लांब पल्ल्याच्या धावपटूने बुटांनंतरचा पहिला खर्च यांवरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

खाडीकाठ (ठाणे): मी असहमत आहे. धावताना पोटरी आकुंचन पावते तेव्हा ती स्वतःच रक्त वर ढकलत असते, मग त्या वेळी मोज्याने वेगळे काय साधते? वेग किंवा दम वाढतो का, हे तपासणाऱ्या बहुतेक अभ्यासांत फारसा फरक आढळलेला नाही. शिवाय पायाला आवळून बसलेला मोजा धावणाऱ्याला जाणवतोच, त्यामुळे गुण मोज्याचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे फार कठीण आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही; त्यात गुडघ्यापर्यंत आणखी एक घट्ट थर कशाला? नव्या धावपटूंना या खर्चात पाडणे मला मनापासून खटकते.

फिजिओ, परळ: वेगाबद्दल खाडीकाठ यांचे म्हणणे मला पटते, मात्र व्यायामानंतर स्नायू दुखणे काही प्रमाणात कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे पहाटवारा यांचा सोमवारचा अनुभव मी केवळ भास म्हणून सोडून देणार नाही. माझा आक्षेप निवडीच्या पद्धतीला आहे. हे मोजे बुटाच्या नंबरावरून न घेता घोटा आणि पोटरी यांचा घेर टेपने मोजून घ्यावेत, आणि पाकिटावर दाब पारा-मिलिमीटरमध्ये (mmHg, रक्तदाब मोजतात तेच एकक) दिलेला आहे का, ते पाहावे. चुकीच्या मापाचा मोजा वर गोळा होऊन गुडघ्याखाली करकचून बसला, तर मदत होण्याऐवजी रक्त अडते. पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्यांनी किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते अजिबात वापरू नयेत.

पहाटवारा: मापाचा मुद्दा मान्य आहे, कारण माझी पहिली जोडी मी बुटाच्या नंबरावरूनच घेतली होती आणि पोटरीवर वळ उठले होते. वेग वाढतो, असा माझा दावा नाही. मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढावर मला मोज्यांनी वर नेले नाही, ते काम सरावाने केले. पण दुसऱ्या दिवशी नऊ तास उभे राहून नोकरी करणाऱ्या बाईला पाय कमी दुखणे ही लहान गोष्ट नाही.

खाडीकाठ: मग ते मोजे धावून घरी आल्यावर घाला, एवढेच मी म्हणेन. बुटांनंतरचा पहिला खर्च हे तुमचे विधान मला अजूनही मान्य नाही. नवख्या धावपटूने ते पैसे आधी चांगल्या प्रशिक्षकाला द्यावेत.