जुनी मोझॅक फरशी ठेवून घराला आधुनिक रूप देता येईल का?

पूर्वाभिमुख (प्रश्न)

कोथरूडमध्ये आमची सुमारे ६२० चौरस फुटांची, दोन बेडरूमची सदनिका आहे. इमारत १९७९ सालची, तीन मजली आणि लिफ्ट नसलेली असून आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. यंदा दिवाळीनंतर संपूर्ण घराचे नूतनीकरण करण्याचा विचार आहे. घरभर दहा इंची मोझॅक फरशी आहे; करड्या रंगावर पांढरे, काळे आणि गडद हिरवे दगडाचे तुकडे आहेत. काही ठिकाणी डाग पडले आहेत, दिवाणखान्यात तीन-चार फरश्यांना तडे गेले आहेत आणि चमक तर केव्हाच गेली आहे.

ज्या अंतर्गत सजावटकारांना आम्ही बोलावले, त्यांनी ही फरशी काढून इटालियन संगमरवराच्या छापाच्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सर्व खोल्यांना फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे उभ्या खाचांचे फ्लूटेड पॅनेल आणि सगळीकडे बेज रंग असा आराखडा दिला आहे. तो दिसायला देखणा आहे. परंतु गेल्या वर्षभरात पाहिलेले प्रत्येक नवे घर मला असेच दिसले. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील राहतात, त्यामुळे घसरण्याची भीतीही आहे. फरशी काढावी, तिच्यावरच नवी बसवावी, की आहे तीच राखावी? राखल्यास घर जुनाट दिसणार नाही यासाठी काय करावे?

गिलावा

मी बांधकाम क्षेत्रात आहे, त्यामुळे आधी वजनाचा हिशेब मांडतो. मोझॅक फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून साधारण दोन इंचांचा थर असतो आणि त्याचे वजन एका चौरस मीटरला शंभर किलोंच्या आसपास भरते. आपल्या घरातून निघणारे डेब्रिज (राडारोडा) पाच टनांच्या घरात जाईल आणि ते सगळे गोण्यांतून जिन्याने खाली न्यावे लागेल. फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी खालच्या घराच्या छताचा गिलावा सुटण्याची शक्यता असते, ते वेगळेच. जुन्या फरशीवर अॅडेसिव्हने नवी टाइल बसवता येते. पण त्याने पातळी साधारण अर्धा ते पाऊण इंच वाढते, सगळे दरवाजे खालून तासावे लागतात आणि बाल्कनीतही ती बसवली, तर तिथले पाणी आत येऊ नये म्हणून ठेवलेला उतार-उंबरा निरुपयोगी होतो.

शिवाय आपल्याकडे जे आहे तेच सध्या ‘टेराझो’ या नावाने चलनात आहे. संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, दाबून, घासून केलेली ही फरशी आपल्याकडे कित्येक दशके मध्यमवर्गीय घरांत बसत राहिली. आज दुकानांत तिचे छायाचित्र छापलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स मिळतात. खरी फरशी खणून काढायची आणि तिच्या जागी तिचे चित्र बसवायचे, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

दुरुस्तीची पद्धत अशी. सर्वप्रथम काठीने ठोकून प्रत्येक फरशी तपासावी. जी पोकळ वाजेल ती काढून नव्या मसाल्यात बसवावी. तडे गेलेल्या फरश्यांच्या जागी बाजारातील नवी फरशी आणू नये, कारण रंग कधीच जुळत नाही. जिथे भिंतीतले कपाट कायमचे बसणार आहे तिथल्या चांगल्या फरश्या काढून त्या दिवाणखान्यात वापराव्यात आणि कपाटाखाली साधी फरशी घालावी. सांधे खरवडून व्हाइट सिमेंटमध्ये करडा रंग मिसळून भरावेत. त्यानंतर जाड दगडापासून क्रमाने बारीक दगडापर्यंत यंत्राने घासाई करावी. वडीलधाऱ्यांचा विचार करता आरशासारखी चमक मागू नये. घासाईच्या दगडाच्या चारशे नंबरच्या आसपास (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) थांबल्यास मंद, रेशमी पोत येतो आणि ओल्या पायांनाही तो अधिक सुरक्षित असतो. शेवटी आत मुरणारा सीलर, म्हणजे डाग रोखणारे द्रावण, लावावा, मेण मात्र लावू नये. पुढेही लिंबू, व्हिनेगर आणि संडास धुण्याचे आम्ल या फरशीपासून दूर ठेवावे, कारण ती सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातात.

ठाणेकर_७१

वरील मताचा आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. जुन्या फरशीचे कौतुक स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या दाराशी थांबले पाहिजे. पंचेचाळीस वर्षे जुन्या घरात जलरोधक थर आणि लोखंडी पाइप यांचे आयुष्य संपलेले असते. तिथे फरशी फोडून वॉटरप्रूफिंग, नवे पाइप आणि खरबरीत पृष्ठभागाच्या टाइल्स याला पर्याय नाही. त्याच वेळी जुने वायरिंगही बदलून घ्यावे.

दुसरे म्हणजे, आपल्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे का, हे आधी विचारून घ्यावे. इतक्या जुन्या तीन मजली इमारतींकडे विकासकांचे लक्ष असतेच. तशी शक्यता असेल, तर फरशी, फॉल्स सीलिंग, भिंतींवरचे पॅनेल अशा सोबत नेता न येणाऱ्या गोष्टींवरचा खर्च आवश्यक तेवढाच ठेवून तो पैसा सुट्या फर्निचरवर आणि चांगल्या दिव्यांवर घालावा.

खणपट

मी अंतर्गत सजावटीचे काम करते. फरशी राखली की रंगसंगती आपोआप ठरते, हा तिचा मोठा फायदा आहे. आपल्या फरशीत गडद हिरवा तुकडा आहे. तोच रंग एखाद्या कपाटाच्या दारांना किंवा एकाच भिंतीला द्यावा आणि उरलेल्या भिंती किंचित उबदार पांढऱ्या ठेवाव्यात. बेज मी टाळेन, कारण करड्या फरशीवर तो मळका दिसतो. घरात जुने सागवानी फर्निचर असेल, तर त्यावरचे काळपट पॉलिश काढून नैसर्गिक रंग ठेवावा. वेताच्या जाळीच्या खुर्च्या पुन्हा चलनात आल्या आहेत आणि त्या या फरशीवर शोभतातही.

फॉल्स सीलिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी. जुन्या इमारतीत साडेनऊ फूट मिळत असताना त्यातले सहा इंच जिप्समला देऊन, पंखा खाली आणून आणि वरच्या बाथरूमची गळती महिनोन्महिने झाकून ठेवून काय साधते? त्याऐवजी भिंतीवरचे दिवे, एक उभा दिवा आणि कपाटावर लपवलेली एलईडी पट्टी यांनी अप्रत्यक्ष प्रकाश मिळवावा. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे घ्यावेत (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर). ओट्यावर आणि वडिलांच्या वाचनाच्या जागी ४००० केल्विन चालेल. आपल्याकडे सर्रास लावल्या जाणाऱ्या ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या प्रकाशात महागातले महाग घरही दवाखान्यासारखे वाटते.

फ्लूटेड पॅनेलच्या खाचांत धूळ साचते आणि ती रोज कोण पुसणार, हा प्रश्न आराखड्यात कधीच नसतो.

पूर्वाभिमुख

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुनर्विकासाबाबत सचिवांना विचारले. तूर्त तसा प्रस्ताव नाही. दिवाणखान्याची आणि बेडरूमची फरशी राखायची, असे घरात ठरले आहे. एक शंका उरते: स्वयंपाकघरात नवी टाइल आणि बाहेर जुने मोझॅक, तर हा जोड विचित्र दिसणार नाही का? आणि कामांचा क्रम कसा ठेवावा?

गिलावा

दाराच्या चौकटीखाली, दार बंद केल्यावर जिथे ते उभे राहते त्याच रेषेत, काळ्या ग्रॅनाइटची चार इंची पट्टी किंवा पितळी पट्टी द्यावी. दोन्ही बाजूंची पातळी एकच ठेवावी, म्हणजे आईंचा पाय अडखळणार नाही. टाइल निवडताना मोझॅकची नक्कल घेऊ नये. एकरंगी, बिनचमकीची, फरशीतल्या करड्याहून एक छटा गडद टाइल घ्यावी.

क्रम असा ठेवावा: तोडफोड, पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, मग मोझॅकची जाड घासाई. या घासाईत पांढरट चिखल भिंतींवर दोन-दोन फूट उडतो, म्हणून रंग त्यानंतरच लावावा. त्यापुढे सुतारकाम आणि रंगाचा शेवटचा हात. बारीक घासाई व सीलर सगळ्यात शेवटी, सामान आत येण्यापूर्वी. पॉलिशवाल्याशी बोलताना दर चौरस फुटाचा ठरवावा, कोपऱ्यांची आणि स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीची, हाताने घासाई त्यातच धरली आहे हे लिहून घ्यावे, आणि संपूर्ण काम देण्यापूर्वी पलंगाखाली येणाऱ्या जागेत दोन-चार फरश्यांचा नमुना करून पाहावा.