'तुझी प्रार्थना कमी पडतेय' हे बायकांनाच का ऐकवतात?

सांजवेळ
आमच्या चर्चच्या महिला मंडळात पुढच्या महिन्यात मला बोलायचंय, विषय दिलाय 'विश्वासाने भावनांवर विजय'. सोबत एक कागदपण दिलाय त्यात डाव्या बाजूला राग, काळजी, मत्सर, एकटेपणा, उदासी आणि उजवीकडे प्रत्येकासमोर बायबलचं एकेक वचन, म्हणजे डोकं दुखलं की ही गोळी आणि पोट दुखलं की ती. मी कॅथलिक आहे, बोरिवलीत राहते, रविवारची मिस्सा चुकवत नाही, जपमाळ पर्समध्ये असते, आणि विश्वासाने मला सावरलंय हे मी कुठेही छातीठोक सांगेन. पण हा 'विजय' मला खटकतो. कारण बाई आधीच रडकुंडीला आलेली असते, त्यात तिला कळतं की रडणं म्हणजे विश्वास कमी. म्हणजे दुःख होतं ते होतंच, वर अपराधीपणा फुकट. पुरुषांच्या सोडॅलिटीत, म्हणजे त्यांच्या मंडळात, 'रागावर विजय' असा विषय कधी ठेवलेला मी तरी पाहिला नाही, तिथे सणाच्या वर्गणीवर बोलतात.

आणि बायबल असं नाहीये ना! स्तोत्रसंहिता उघडा, १३ वं स्तोत्र सुरूच होतं 'हे परमेश्वरा, कुठवर?' असं, दोन ओव्यांत चारदा तोच प्रश्न. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्य नाही. ते कोणी काढून टाकलं नाही, पवित्र शास्त्रातच आहे. पण आपण वाचतो कुठलं, तर २३ वं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' वालं, मयतीलाही आणि वाढदिवसालाही. माझं म्हणणं एवढंच की विश्वासाचा खरा उपयोग देवासमोर भांडता येतं यात आहे, गप्प बसण्यात नाही. पटतंय का कोणाला, की मी वाहवत चाललेय?

गावठाणकर
बाळा, वाहवत नाही पण थोडी घाई करतेस. मी मरोळची, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतलीच मूळची कॅथलिक, आता नातवंडं आहेत. सासू अंथरुणावर, नवरा पिऊन यायचा, मुलं लहान, तेव्हा काउन्सेलर हा शब्द पण ऐकला नव्हता गं. दर बुधवारी माहीमच्या चर्चला जायचे, नोव्हेनाच्या प्रार्थनेला. ती नोव्हेना १९४८ पासून चालू आहे, माझी आईपण जायची. तू त्या वचनांच्या कागदाला हसतेस पण एक सांगते, रात्री दोन वाजता नवऱ्याची वाट बघत दार उघडं ठेवून बसलेल्या बाईला कोण फोन उचलणार? तेव्हा जे पाठ असतं तेच कामाला येतं. 'भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे' एवढं एक वाक्य शंभरदा म्हणून मी रात्री काढल्यात. मला त्यावेळी ८८ वं स्तोत्र कोणी दिलं असतं तर मी विहिरीतच गेले असते.

निरीश्वर_दादरकर
मी ख्रिश्चन नाही, कुठलाच नाही, तरी बोलतो. काकूंना आराम मिळाला हे खरंच असणार, पण कशाने मिळाला? आठवड्यातून एक दिवस घरातून सुटका, ओळखीच्या बायका, मेणबत्तीचा उजेड, सगळ्यांनी मिळून एका लयीत म्हणणं. भजनी मंडळात माझ्या आईला हेच मिळतं, आणि लाफ्टर क्लबमध्ये शेजारच्या काकांना. मग यात देव कुठून आला? माणसं आली. बाकी तुमच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली त्यात त्यांनीच लिहिलंय की वर्षानुवर्षं आतून काहीच जाणवत नव्हतं. जिथे संत होणाऱ्या बाईला उत्तर मिळालं नाही तिथे बोरिवलीच्या बाईला त्या चार ओळींच्या कागदावर कसं मिळणार?

विरार_फास्ट
@निरीश्वर_दादरकर दादा मदर तेरेसांचं अर्धंच सांगितलंत. काही जाणवत नव्हतं तरी त्या बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसायच्या आणि मग कामाला जायच्या, सोडून नाही दिलं. मला तर ती पत्रं आली तेव्हा हायसं वाटलं, म्हटलं चला, कोरडं वाटणं हा माझा एकटीचा प्रॉब्लेम नाही.

आणि ते 'घरातून सुटका' वालं. बरोबर आहे, पण सुटका मिळते कोणाच्या नावावर? मी वसईची, नालासोपाऱ्यात सासर, चर्चगेटला नोकरी. घरी सांगितलं की काउन्सेलरकडे जाते तर पहिला प्रश्न 'का, तुला काय कमी आहे इथे', दुसरा प्रश्न 'किती घेतात'. माहीमला जाऊन येते म्हटलं की सासू स्वतः मेणबत्तीचे पैसे काढून देते. लाफ्टर क्लबला सून निघाली तर बघा काय होतं ते. आमच्या लेडीज डब्यात सकाळी एक ग्रुप रोझरी म्हणतो, त्यात अर्ध्या बायका नुसत्या डोळे मिटून बसतात, मला नाही वाटत सगळ्या प्रार्थनाच करतात, पण त्या वेळात कोणी त्यांना काही विचारत नाही ना, काही मागत नाही. हे तुमच्या हिशोबात कुठे धरणार?

निरीश्वर_दादरकर
हा मुद्दा मान्य. पण मग हे धर्माचं कौतुक झालं की घरच्यांवर टीका? बाईला स्वतःसाठी दोन तास मागायला देवाचं नाव घ्यावं लागतं हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

कुपारी_पोर
विरार_फास्ट ताई, मी पण वसईकडचीच, आता अंधेरीत पीजी. तुम्ही म्हणता कोणी काही विचारत नाही, आमच्याकडे तर सगळं विचारतात आणि वर ग्रुपवर टाकतात! 'प्रेझ द लॉर्ड, सर्वांनी अमुक ताईंच्या कुटुंबाकरिता प्रार्थना करावी, घरात थोडा तणाव आहे.' संध्याकाळपर्यंत देवळातल्या क्वायरपासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांना माहिती. माझ्या मावशीचं असंच झालं, तिने एकीला विश्वासाने सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सत्तर लोकांच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी. त्यानंतर मावशी कोणाला काही सांगत नाही, विचारलं की 'देवाची कृपा आहे' म्हणते आणि विषय बदलते.

कन्फेशनमध्ये गुप्तता आहे ती पक्की, फादर मरेपर्यंत बोलणार नाहीत. पण कन्फेशनला पाप सांगायचं असतं. उदास वाटणं पाप नाही, मग सांगायचं काय? म्हणून बायका जाऊन सांगतात 'सासूवर रागावले फादर', फादर म्हणतात तीनदा 'नमो मरिये' प्रार्थना म्हणा, की बाहेर. आत खरं काय चाललंय ते राहूनच जातं.

पाळकीणबाई
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी प्रॉटेस्टंट, माहेर अहमदनगरचं, यजमान चर्चचे पाळक आहेत आणि भायखळ्याजवळ आम्ही राहतो. वरचं सगळं वाचलं. कुपारी_पोर जे लिहिते ते आमच्यातही आहे, नाही म्हणणार नाही. आमच्याकडे त्याला 'साक्ष' हे आणखी एक शेपूट आहे. बाईने उभं राहून सांगायचं की आधी मी खचले होते आणि मग प्रभूने मला उचललं. आता जी अजून खचलेलीच आहे ती काय सांगणार? तिला साक्ष द्यायला बोलावतच नाहीत, किंवा मग ती थोडं पुढचं सांगून टाकते, अजून न झालेलं.

पण सांजवेळ, मला तुमच्या मांडणीत एक गोष्ट अपुरी वाटते. देवाशी भांडता येतं हे खरं, पण भांडायलाही अंगात ताकद लागते. बायबलमधलं 'पहिले राजे' पुस्तक, १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा झाडाखाली जाऊन पडला, म्हणाला आता पुरे, मला मरण दे. देवाने त्याला वचन दिलं का? आधी झोपू दिलं, मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं फार नंतर, चाळीस दिवसांनी डोंगरावर. मी मंडळातल्या बायकांना हेच सांगते की बाई गं तू शेवटची नीट कधी जेवलीस आणि किती तास झोपलीस ते आधी सांग, वचन मग बघू. पाचला उठून पाणी भरणारी, सहाचे डबे, आठची लोकल, तिला जे वाटतंय ते दर वेळी आत्मिक नसतं हो, निम्मं तर जागरण असतं.

आणि दादरकर, 'माणसं आली देव कुठे आला' याचं उत्तर मला इथे भांडून द्यायचं नाही. पंडिता रमाबाईंचं बघा, दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि १८८९ मध्ये त्यांनी याच मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे म्हातारपणापर्यंत मूळ भाषांतून बायबल मराठीत आणत बसल्या. त्यांच्याकडे भाकर आणि वचन अशी वेगवेगळी खाती नव्हती.

निरीश्वर_दादरकर
रमाबाईंचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे बाई! त्यांनी विधवांना 'विश्वास ठेवा, बरं वाटेल' सांगितलं नाही, छप्पर दिलं, शाळा काढली. तुमच्या मंडळाने एखादं पाळणाघर काढलं तर मी वर्गणी देतो.

पाळकीणबाई
पाळणाघर आहे. पावती कोणत्या नावाने फाडू?

विरार_फास्ट
😂😂 दादा आता पळू नका

औषधवाली
मी इथे बहुतेक नुसती वाचते पण आज लिहिते. बाळंतपणानंतर मला काही महिने काहीच चांगलं वाटत नव्हतं, बाळ रडलं तरी उठावंसं वाटायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक पडायला लागला. मग एका नातेवाईक बाईंनी एका प्रार्थनासभेत नेलं, तिथे सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की आता तू बरी झालीस, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. मी घरी येऊन बंद केल्या, एकदम, डॉक्टरांना न विचारता. पुढचं सविस्तर लिहीत नाही, नवऱ्याने वेळेवर बघितलं म्हणून आज लिहितेय.

कोणाला बदनाम करायचं नाही म्हणून नाव लिहिणार नाही. पण जे लोक गोळी म्हणजे अविश्वास म्हणतात त्यांना विचारावंसं वाटतं की शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता ना? प्रेषित पौलाने त्याच्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, तेव्हा त्याचा विश्वास कमी होता का? मी आज गोळी घेते आणि क्वायरमध्ये गाते, दोन्ही. आणि ज्यांना घरी सांगणं शक्य नाही त्यांच्यासाठी, सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाईन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

गावठाणकर
पोरी, तुझं वाचून जीव गलबलला. हे ज्याने केलं त्याने चूकच केलं, पण आम्ही साध्या नोव्हेनावाल्या बायकांनी कधी कोणाला गोळ्या बंद करा म्हटलंय का? माहीमला नवसाचं मेणाचं हृदय वाहणारी बाई दुसऱ्या दिवशी केईएम हॉस्पिटलच्या लाईनीत पण उभी असते, मी स्वतः उभी राहिलेय. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत मेणाचे हात पाय घर सगळं मिळतं, ते घेऊन चढणाऱ्या बायकांत हिंदू पण कितीतरी असतात, त्यातली एकही मला म्हणाली नाही की मी डॉक्टर सोडला.

पण दुसरी बाजू पण बोलू दे. हल्ली मुलींना जरा कोणी बोललं की डिप्रेशन. माझी नात सांगते 'नानी मला अँग्झायटी आहे', मी म्हटलं परीक्षा आहे तुझी, अभ्यास कर. प्रत्येक दुःख आजार नसतं. काही दुःखं नुसती सोसायची असतात आणि त्याला देवाचा हात धरावा लागतो, एवढंच माझं.

कुपारी_पोर
नानी, आजार आहे की परीक्षा हे नातीने ठरवायचं नाही तसं तुम्ही पण ठरवायचं नाही ना? डॉक्टर ठरवेल. आणि 'सोसायचं' हे दर वेळी बाईच्याच वाट्याला का? नवरा पिऊन यायचा हे तुम्ही लिहिलंत. तो सोसण्याचा विषय होता की त्याला कोणीतरी जाब विचारण्याचा? पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, त्याला कधी कोणी बसवून बोललं?

गावठाणकर
नाही. कोणी नाही बोललं. चर्चच्या एक सिस्टर, नन, होत्या त्या माझ्याशी बोलायच्या, त्याच्याशी नाही. त्यालापण दारू सोडवणाऱ्या ए.ए.च्या मीटिंगला एका शेजाऱ्याने नेलं, पुष्कळ उशिरा. तुझा प्रश्न बरोबर आहे पण मला त्याचा राग पण येतोय, कारण तू म्हणतेस तसं झालं असतं तर बरं झालं असतं, आणि झालं नाही, आणि जे होतं माझ्याकडे ते मी वापरलं. ते कमी होतं असं मला आता कोणी सांगू नये.

सांजवेळ
मी सांगत नाही नानी, उलट तुमचं वाचून ठरवलं की तो वचनांचा कागद फेकायचा नाही, पाठ करण्यासाठी वाटायचा, पण त्यावरचं 'विजय' खोडायचं. आणि सुरुवात बायबलमधल्या हन्नापासून करेन, तिला मूल नव्हतं. देवळात बसून रडतेय, ओठ हलतायत आणि आवाज नाही, आणि एली याजकाला वाटलं ही पिऊन आलीय! तिने सरळ सांगितलं की महाराज मी प्यालेली नाही, मन मोकळं करतेय. म्हणजे बाईचं दुःख चुकीचं वाचणं तेव्हापासूनच चालू आहे. मग एलीया, भाकर आणि झोप, पाळकीणबाईंकडून उसना. आणि शेवटी ८८ वं स्तोत्र पूर्ण, काही न जोडता.

गावठाणकर
८८ ने शेवट नको गं. अंधारात सोडून बायकांना घरी पाठवणार का?

सांजवेळ
हो नानी, तोच मुद्दा आहे, ज्या अंधारात आहेत त्यांना एकदा तरी वाटू दे की आपलंपण वाचलं गेलं. लगेच दिवा लावायची घाई नको.

पाळकीणबाई
मी मधलं सुचवते. वाचा पूर्ण, पण नंतर अर्धा तास चहा ठेवा आणि कोणाला घाईने उठू देऊ नका. आणि औषधवालीने दिलेला तो नंबर फळ्यावर लिहा.

गावठाणकर
चहाचं ठीक आहे. स्तोत्राचं मला अजून पटलेलं नाही.

कुपारी_पोर
आणि तिथे जे कोणी बोलेल ते ग्रुपवर जाणार नाही हे आधी जाहीर करा. कोणाच्या हातात आहे तुमचा ग्रुप?

गावठाणकर
आमच्या पॅरिशच्या ग्रुपची अॅडमिन मीच आहे. नाव नाही टाकत आम्ही, 'एक भगिनी' लिहितो.

कुपारी_पोर
आमच्याकडेपण 'एक भगिनी'च लिहितात नानी. 'एक भगिनी, क्रूसाजवळची गल्ली, नवरा दुबईला, दोन मुली.'

गावठाणकर
बरं, गल्ली काढते.