सुपरहीरो मालिकेने शेवटच्या भागात आपला आशय उघड बोलून दाखवावा का?

सीताबर्डीकर

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' ही सहा भागांची मालिका एप्रिल २०२१ मध्ये संपली, पण तिच्या अखेरच्या भागातील भाषणावरून आम्हा मित्रांत अजूनही वाजते. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगातील निम्मी माणसे नाहीशी होऊन पाच वर्षांनी परत येतात. मधल्या काळात ज्यांना दुसऱ्या देशांत आसरा मिळालेला असतो, त्यांना तेथून हुसकावून लावण्याचा घाट एक आंतरराष्ट्रीय परिषद घालते. कार्ली मॉर्गेन्थाऊ ही तरुणी त्याविरुद्ध हत्यार उचलते आणि शेवटी मारली जाते. कॅप्टन अमेरिकेची ढाल स्वीकारलेला सॅम विल्सन तिचा देह हातांत घेऊन, पाठीवरच्या पंखांनिशी खाली उतरतो. मग कॅमेऱ्यांसमोर तो परिषदेच्या सभासदांना सुनावतो की या लोकांना दहशतवादी म्हणणे थांबवा, आणि निर्णय घेताना तुमच्यासोबत खोलीत कोण बसलेले असते ते जरा पाहा.

सॅमच्या म्हणण्याशी माझे काहीही भांडण नाही. माझी तक्रार अशी आहे की सहा भागांत जे उभे करायचे राहून गेले, ते या काही मिनिटांत तोंडाने भरून काढलेले आहे. ज्या विस्थापितांसाठी हा सारा कळवळा, त्यांचे चेहरे मालिकेत ओझरतेच दिसतात. उलट प्रेक्षक कार्लीच्या फार जवळ जाऊ नये म्हणून तिसऱ्या भागात तिच्याकडून माणसे आत असलेली इमारत उडवून घेतली आहे. एवढे करून झाल्यावर तिची बाजू समजून घेण्याचा उपदेश आपल्याला कशाला?

भाषणाच्याच, म्हणजे अखेरच्या भागात दुसरा एक प्रसंग आहे. इसाया ब्रॅडली या कृष्णवर्णी सैनिकावर सरकारने प्रयोग केले, त्याला तीस वर्षे कोंडून ठेवले आणि इतिहासातून पुसून टाकले. सॅम त्याला कॅप्टन अमेरिकेच्या संग्रहालयातील दालनात नेतो. तेथे इसायाचा पुतळा उभा केलेला आहे. म्हातारा आधी पुतळ्याकडे पाहतो, मग खालचा मजकूर वाचतो आणि सॅमला मिठी मारतो. एखाददुसरे वाक्य सोडले तर कोणी काही बोलत नाही, आणि बोलण्याची गरजही पडत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसदोष सांगताना पहिलाच दोष सांगितला आहे तो भाव नाव घेऊन सांगण्याचा. असे न बोलता सांगणे ज्यांना जमते, त्यांनी भाषणात तोंडाची वाफ का दवडावी?

रेशीमबागेतला श्रोता

मम्मटाला आपण साक्षीला आणलेच आहे, तर नारदीय कीर्तनालाही बोलावू द्या. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो, म्हणजे सांगायचे ते आधीच उघडपणे सांगून मोकळा होतो. आख्यान लागते ते उत्तररंगात. तात्पर्य तासभर आधीच ठाऊक असलेला श्रोता आख्यानाच्या वेळी डोळे पुसतो, कारण त्याला कोडे सोडवायचे नसते. तेव्हा उघड सांगितले की रस गेला, हा नियम निदान आपल्या मातीत तरी टिकत नाही. शिवाय सुपरहीरो हा प्रकारच मुळात सूचकतेचा नाही. ज्याच्या अंगावर राष्ट्रध्वजाचे रंग आहेत, त्याने तेवढे बोलताना मात्र आडून आडून बोलावे, हा आग्रह मला चमत्कारिक वाटतो.

मनीषनगर

आमच्या पिढीला हा प्रश्नच पडला नाही बाप्पा! १९९७ साली दूरदर्शनवर आलेला शक्तिमान गोष्ट आटोपली की मुलांना 'छोटी छोटी मगर मोटी बातें' वेगळ्या सांगत असे. मारामारी वेगळी आणि शिकवण वेगळी, असा रोखठोक हिशेब होता. नव्या मालिका दोन्ही एकाच पात्राच्या तोंडी कोंबतात, म्हणून घास घशात अडकतो.

अजनीचा प्रेक्षक

सीताबर्डीकर, आपण भाषण त्याच्या संदर्भातून सोडवून घेतले आहे. पाचव्या भागात हाच इसाया सॅमला स्पष्ट सांगतो की काळ्या माणसाला ते लोक कधीही कॅप्टन अमेरिका होऊ देणार नाहीत, आणि दिलेच तरी स्वाभिमान असलेला काळा माणूस ते पद घेणार नाही. ही उघड केलेली मांडणी आहे आणि तिला उघड उत्तर मिळणे क्रमप्राप्त होते. ही ढाल उचलली की लाखो लोक आपला द्वेष करतील हे ठाऊक असूनही ती उचलतो, असे सॅम त्या भाषणात म्हणतो, तेव्हा तो इसायालाच उत्तर देत असतो. त्याला मध्येच एक सभासद अडवतोही, की प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे याची तुला कल्पना नाही. पुढे स्वतः इसायाच त्याची फिरकी घेतो की तू काही माल्कम, मार्टिन किंवा मंडेला नाहीस. भाषणाला इतके टोकू देणाऱ्या मालिकेला उपदेशक म्हणता येणार नाही.

आणि आपण हे नागपुरात बसून बोलत आहोत, म्हणून आणखी एक. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. काय नाकारतो आणि काय स्वीकारतो, हे एकेक करून, नाव घेऊन, मोठ्याने म्हणायचे होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडू दिले नाही त्यांच्याकडून सूचकतेची अपेक्षा ठेवणे ही ज्यांचे म्हणणे आधीपासून ऐकले जाते त्यांची चैन आहे.

सीताबर्डीकर

प्रतिज्ञांचा दाखला मोलाचा आहे, पण तो माझ्या बाजूने जातो असे मला वाटते. प्रतिज्ञा उच्चारणारा माणूस तिने बांधला जातो. दुसऱ्या दिवसापासून घरातले देव, लग्नविधी, शेजाऱ्यांशी संबंध, सगळे बदलायचे असते. सॅमच्या भाषणाने तो स्वतः किंवा ती मालिका कशाने बांधली गेली? भाषण झाल्यावर थोड्याच वेळात कार्लीचे पकडलेले साथीदार पोलिसांच्या गाडीतून नेले जात असताना झीमो या खलनायकाच्या माणसाकडून उडवले जातात. ज्यांना दहशतवादी म्हणू नका असे नुकतेच बजावले, त्यांच्या मरणाबद्दल सॅम चकार शब्द काढत नाही, आणि कथा सॅमच्या गावच्या मेजवानीकडे वळते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्रिमूर्तीनगर

दोघेही एकाच मालिकेत अडकून पडला आहात. 'वॉन्डाव्हिजन'चा शेवट पाहा. जादूची शक्ती असलेल्या वॉन्डाने एक अख्खे गाव मनाने ओलीस धरलेले असते. सुटका झालेले रहिवासी रस्त्याच्या कडेला उभे राहून तिच्याकडे पाहतात, आणि त्या नजरांत उघड तिरस्कार असतो. नेमक्या त्याच वेळी तिची बाजू घेणारी मोनिका तिला म्हणते की तू यांच्यासाठी काय त्यागलेस ते यांना कधीच कळणार नाही. चित्र एक सांगते आणि वाक्य त्याच्या बरोबर उलट. लेखकाचे स्वतःच्या चित्राकडे लक्ष नव्हते की त्याला प्रेक्षकाचे मन वळवायचे होते, कोण जाणे. पण उघडपणा येथे नुसता अनावश्यक नाही, तो खोटा आहे.

उलट 'वॉचमेन' ही २०१९ ची मालिका घ्या. तिच्या मुळाशी अमेरिकेतील टल्सा येथे १९२१ साली झालेले कृष्णवर्णीयांचे हत्याकांड आहे. शेवटच्या भागात म्हातारा विल रीव्ह्ज नातीला सरळ सांगतो की मुखवट्याआड जखम भरत नाही, तिला हवा लागते. याहून उघड काय असणार? तरीही ते खटकत नाही, कारण हा माणूस स्वतः वर्षानुवर्षे मुखवटा घालून फिरलेला आहे आणि ऐकायला समोर त्याची नात अँजेला एकटीच आहे. जवळच तिची मुले झोपलेली आहेत. मुख्य म्हणजे मालिका त्या वाक्यावर संपत नाही. घरी आल्यावर अँजेला, ज्यातून नवऱ्याची दैवी शक्ती आपल्यात उतरेल अशी शक्यता आहे ते, कच्चे अंडे फोडून पिते, पोहण्याच्या तलावाच्या काठाशी येते आणि पाण्यावर पाऊल टेकवते. ते पाऊल बुडते की तरते, हे कळण्याच्या आत पडदा काळा होतो. म्हणजे आशय उघड सांगूनही शेवटची उडी प्रेक्षकावरच सोडलेली आहे.

रेशीमबागेतला श्रोता

हे मला पटते, पण पूर्ण नाही. विल रीव्ह्ज एकट्या नातीशी बोलतो म्हणून ते खपते आणि सॅम चौकात बोलतो म्हणून खटकते, असे असेल तर आपला आक्षेप उघडपणावर नसून जाहीरपणावर आहे. घरातल्या घरात वडीलधाऱ्याने शहाणपण सांगितलेले चालते, सत्तेतल्या माणसांना चारचौघांत सुनावलेले चालत नाही, ही आवड आपल्याला कोठून लागली?

अजनीचा प्रेक्षक

गाडीच्या स्फोटाबद्दल सीताबर्डीकरांचे म्हणणे मला मान्य आहे. तो पटकथेचा निष्काळजीपणा आहे. पण त्यावर उपाय म्हणून भाषण कापा असे आपण सुचवता, आणि मी म्हणेन की स्फोटाची बातमी सॅमच्या कानावर पडायला हवी होती, आणि मेजवानीत त्याला त्याबद्दल विचारणारा कोणी तरी हवा होता.