डचमध्ये दोन क्रियापदं शेवटी आली तर क्रम कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, डचच्या ए२ (प्राथमिक पातळीच्या) परीक्षेची तयारी चालू आहे. 'मॉर्खन खा इक नार आम्स्टरडाम' (उद्या मी आम्स्टरडामला जाते), म्हणजे 'उद्या' पुढे आला की कर्ता क्रियापदामागे, हे आता जिभेवर बसलंय. 'ओमडाट इक झीक बेन' (कारण मी आजारी आहे) तर सोपंच, क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी! गाडी अडते ती दोन क्रियापदं आली की. 'ओमडाट इक हेप खेवेर्क्ट' आणि 'ओमडाट इक खेवेर्क्ट हेप' (कारण मी काम केलंय) दोन्ही कानावर पडतं, बाई म्हणतात दोन्ही बरोबर. पण 'विल वेर्कन' (काम करायचंय) बहुतेक याच क्रमाने ऐकू येतं. असं का? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी कृपया सांगा, बोलताना तुम्ही काय वापरता आणि परीक्षेत लिहिताना कोणता क्रम धरू? सरावाची वाक्यं असतील तर तीही द्या.