२००८ नंतर अमेरिका इतकी रखडत का सावरली? खापर कोणाच्या माथी?

चौकस
अमेरिकेतली मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली. पण बेकारी त्यानंतर ऑक्टोबरात १० टक्क्यांवर गेली आणि गेलेल्या नोकऱ्यांचा आकडा भरून यायला मे २०१४ उजाडलं. कोणी ओबामांना दोष देतं, कोणी बुशना, कोणी रिपब्लिकन काँग्रेसला, तर कोणी फेडरल रिझर्व्हला (अमेरिकेची मध्यवर्ती बँक). "सगळेच थोडेथोडे दोषी" हे उत्तर कृपया नको. कोणत्या वर्षी कोणाच्या हातात काय होतं आणि त्याने त्याचं काय केलं, हे जाणकार सांगतील का?

जमाखर्च
आग कोणी लावली हा एक प्रश्न आणि बंब उशिरा का आला हा दुसरा. १९९९ मध्ये ठेवींच्या बँका आणि गुंतवणूक बँका वेगळ्या ठेवणाऱ्या ग्लास-स्टीगल कायद्याच्या भिंती पाडल्या, २००० मध्ये डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या मालमत्तेच्या भावावर बेतलेले करार) नियमनाबाहेर ठेवले, मग घरकर्जांची खिरापत वाटली. हे सगळं पहिल्या प्रश्नात जातं. बुश आणि क्लिंटन यांचा हिशेब तिथे मांडा. तुमचा प्रश्न दुसरा आहे.

त्यात पहिली नोंद फेब्रुवारी २००९ ची, अर्थव्यवस्थेला चालना देणारं ७८७ अब्ज डॉलरचं सरकारी पॅकेज. ते कमी पडलं, आणि त्याची कारणं दोन. एक, मोजपट्टीच चुकीची होती. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत जीडीपी वार्षिक ३.८ टक्के दराने घटला, असा पहिला अंदाज जानेवारीअखेर आला. २०११ च्या फेरतपासणीत तोच आकडा ८.९ टक्के झाला. म्हणजे खड्डा दुपटीहून खोल होता, आणि माती मात्र वरवरच्या मापाने मागवली. दोन, सिनेटमधली ६० मतांची अट. कॉलिन्स, स्नो आणि स्पेक्टर या तीन रिपब्लिकनांशिवाय विधेयक पुढे सरकत नव्हतं, आणि त्यांनी रक्कम छाटून घेतली. त्यातही सुमारे ७० अब्ज एएमटी या कराच्या दुरुस्तीला गेले. ती दुरुस्ती एरवीही वेळोवेळी होतच असे. तो पैसा नवा नव्हताच, फक्त बेरीज फुगली.

व्हाइट हाउसची स्वतःची चूक वेगळी. पॅकेज आलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, असा आलेख ओबामांच्या सल्लागारांनी जानेवारीत छापला. कायद्यावर सही झाली त्याच महिन्यात बेकारी ८.३ होती. त्यामुळे पॅकेजला काम करायची संधी मिळण्याआधीच ते "फसलं" असा शिक्का बसला, आणि दुसरं पॅकेज मागायला तोंड राहिलं नाही.

गहाणखत
जमाखर्च यांच्याशी सहमत, पण त्यांनी सर्वात मोठी नोंद सोडली: घरकर्ज. इथे काँग्रेसची सबब चालत नाही. पैसे टार्पमधून (२००८ चा बँक-बचाव निधी) आधीच मंजूर होते आणि नियम ट्रेझरीने (अर्थखात्याने) स्वतः लिहिले.

घरकर्जाचे हप्ते हलके करणाऱ्या, २००९ च्या हॅम्प योजनेचं गणित असं. हप्ता एकूण मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याज २ टक्क्यांपर्यंत खाली, मग मुदत ४० वर्षांपर्यंत, तरी जमलं नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी मागे ढकलायचा. तीन महिने चाचणी हप्ते भरले की करार कायम. उद्दिष्ट ३० ते ४० लाख घरं. २०१० संपताना कायम झालेले करार ५ लाखांच्या जरा वर.

अडलं कुठे? कर्ज बँकेचं नसतं, गुंतवणूकदारांचं असतं. हप्ते गोळा करणारी सर्व्हिसर कंपनी मधली. सरकार तिला एका करारामागे सुरुवातीला १,००० डॉलर देत होतं. उलट कर्ज थकलेलं राहिलं तर उशिराचा दंड तिचा, आणि जप्ती झाली तर विक्रीतून तिचा खर्च सगळ्यांच्या आधी वसूल. मग ती घाई कशाला करेल? कागदपत्रं "गहाळ" व्हायची, पुन्हा मागवली जायची, आणि एका टेबलावर सवलतीचा अर्ज चालू असताना दुसऱ्या टेबलावर जप्तीची फाइल पुढे सरकायची. शिवाय त्याच घरावरचं दुसरं कर्ज बहुतेकदा मोठ्या बँकांच्या वहीत असे. पहिल्याचं मुद्दल कापलं की दुसऱ्याचं बुडीत दाखवावं लागणार, म्हणून मुद्दलाला हात लावायला कोणी तयार नाही.

दिवाळखोरी न्यायाधीशाला मुद्दल कापण्याचा अधिकार देणारी तरतूद एप्रिल २००९ मध्ये सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ ने पडली. विरोधात १२ डेमोक्रॅट होते, आणि व्हाइट हाउसने जोर लावला नाही.

उलटतपासणी
हे जरा जास्तच ओबामांवर ढकलणं होतंय. बँका बुडून आलेल्या मंदीतून सावरायला वेळ लागतोच. अर्थतज्ज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी अशा संकटांची सरासरी काढली, त्यात बेकारी चारहून जास्त वर्षं चढत राहते. अमेरिकेत ती दोन-अडीच वर्षांतच उतरायला लागली.

गहाणखत
सरासरी मान्य. पण ती रेंगाळते कशामुळे? लोक खर्च सोडून कर्ज फेडत बसतात म्हणून. मग तेच कर्ज हलकं करायची योजना फसणं ही मामुली चूक कशी?

जमाखर्च
२०११ पासून मात्र पारडं फिरतं. प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेलं आणि कर्जमर्यादा (सरकारला किती कर्ज काढता येईल याची कायदेशीर मर्यादा) ओलीस धरली गेली. ऑगस्टमध्ये सरकारी खर्चावर दहा वर्षांची मर्यादा घालणारा कायदा झाला, तीन दिवसांत पतमापन संस्था एस अँड पीने अमेरिकेचा एएए हा सर्वोच्च दर्जा काढून घेतला. त्या वर्षी ओबामांनी मांडलेलं ४४७ अब्जांचं रोजगार विधेयक सिनेटमध्ये अडलं. जानेवारी २०१३ मध्ये पगारावरच्या करातली २ टक्क्यांची सूट संपली, म्हणजे ५०,००० डॉलर पगारामागे वर्षाला १,००० डॉलर हातून गेले. मार्चमध्ये सरकारी खर्चात सरसकट कपात लागू. २००९ मध्ये जीडीपीच्या ९.८ टक्के असलेली तूट २०१३ मध्ये ४.१ वर. बेकारी ७ टक्क्यांच्या वर असताना इतका करकचून ब्रेक दाबायचा नसतो. पण खर्च गोठवण्याची भाषा ओबामांनीही जानेवारी २०१० मध्येच सुरू केली होती, हेही लिहून ठेवा.

राज्यांकडे कोणी बघत नाही. जवळपास प्रत्येक राज्याला अंदाजपत्रक समतोल ठेवावंच लागतं. केंद्राची मदत आटली तशी शिक्षक आणि पालिका कर्मचाऱ्यांची कपात झाली, राज्य आणि स्थानिक मिळून ७ लाखांच्या आसपास पदं गेली. फेडवर माझा राग सर्वात कमी. व्याजदर डिसेंबर २००८ पासून शून्यापाशी होता, आणि रोखे खरेदीला पर्याय उरला नव्हता.

चौकस
आभार. हे स्वतः पडताळून बघायचं तर कुठून सुरू करू?

जमाखर्च
ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसचा तक्ता १.१.२ उघडा. वाढीत कोणाचा किती वाटा, हे त्यात असतं. तळाशी सरकारच्या ओळी आहेत: संरक्षण, बिगरसंरक्षण, राज्य व स्थानिक. २०११ ते २०१३ मध्ये सरकारचा एकूण वाटा उणे दिसेल. एक फसगत टाळा: करसवलत आणि बेकारी भत्ता त्या ओळींत येत नाहीत, ते लोकांच्या खर्चात मिसळतात. म्हणून २००९ चं पॅकेज तिथे प्रत्यक्षाहून लहान दिसतं. दोन्ही एकत्र हवं तर ब्रुकिंग्जचं राजकोषीय परिणाम मोजणारं आलेखपान बघा.