मदत हवी आहे : विषाणूंची संसर्गक्षमता वाढवणाऱ्या प्रयोगांबद्दल

नमस्कार. मी परळमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. विषाणू अधिक संसर्गजन्य करून पाहणारे प्रयोग होऊ द्यावेत का, हा विषय बारावीच्या मुलांनी यंदाच्या चर्चेसाठी स्वतःहून निवडला आहे. कोविडच्या उगमाच्या वादाकडे कृपया हा धागा वळवू नये. त्याचा निकाल काहीही लागला तरी माझा प्रश्न उरतोच.

मुलांसमोर मी २०११ सालचे प्रकरण ठेवणार आहे. रॉटरडॅमचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी, पक्ष्यांमधून माणसाला क्वचितच होणाऱ्या एच५एन१ बर्ड फ्लूच्या विषाणूत असे बदल घडवले, की तो एका फेरेटकडून (मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी) शेजारच्या पिंजऱ्यातील फेरेटकडे हवेतून पोहोचू लागला. फ्लूच्या बाबतीत या प्राण्याचा श्वसनमार्ग माणसाच्या बराच जवळचा असल्यामुळे त्या निष्कर्षांनी खळबळ उडाली. तपशील गाळून छापावे, असा सल्ला अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने आधी दिला होता. तरी २०१२मध्ये दोन्ही निबंध संपूर्ण प्रसिद्ध झाले. पुढे २०१४मध्ये अमेरिकेने फ्लू तसेच सार्स आणि मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजारांवरील अशा प्रयोगांचा निधी थांबवला आणि २०१७च्या अखेरीस नव्या तपासणी-चौकटीसह तो पुन्हा खुला केला.

समर्थकांचे म्हणणे असे, की धोक्याची उत्परिवर्तने आधीच माहीत असली तर साथीवर लक्ष ठेवणाऱ्यांना वेळीच सावध होता येते. आपल्या राज्याला हे परके नाही, कारण भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६मध्ये नवापूरच्या कोंबड्यांमध्येच आढळला होता. विरोधक १९७८ची बर्मिंगहॅममधील देवी रोगाची लागण आणि २००४चा बीजिंगमधील सार्स यांकडे बोट दाखवतात. तिथे तर कोणी विषाणूची क्षमता वाढवली नव्हती, तरीही प्रयोगशाळेशी संबंधित लागण झालीच. मला हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. प्रसाराचा वेग केवळ विषाणूच्या गुणांवर ठरत नाही, माणसे किती दाटीने आणि किती वेळ एकत्र असतात यावरही ठरतो; संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला त्या प्रयोगाबद्दल कोणीही विचारलेले नसते.

फूशिए-कावाओकांच्या कामातून कळलेली उत्परिवर्तने बर्ड फ्लूच्या प्रत्यक्ष निरीक्षणात कितपत उपयोगी पडतात, हे या क्षेत्रात काम केलेल्या कोणी सांगू शकेल का? विषाणूच्या उरलेल्या जनुकांनुसार एकाच बदलाचा परिणाम वेगळा होऊ शकतो, म्हणून ही शंका मला सोडत नाही.

दुसरे, आपल्याकडे घातक सूक्ष्मजीवांबाबतच्या १९८९च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि तिच्यावर जनुकीय फेरफार पुनरावलोकन समिती असते. या समित्या प्रस्ताव तपासताना मूळ विषाणूचा जोखीमगट (तो किती घातक आहे यावरून ठरलेला वर्ग) पाहतात, की प्रयोगानंतर त्याच्यात कोणता गुण येऊ शकतो हेही विचारात घेतात?

बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या) प्रयोगशाळेत काम केलेले कोणी मुंबईत असतील आणि एखाद्या शनिवारी मुलांशी तासभर मराठीत बोलू शकत असतील, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.