म्हाताऱ्यांसाठी संग्रहालयात वेगळी वेळ हवी का?

सदाफुली (धागाकर्ती)
आई ८१ची, विसरणं बरंच वाढलंय. परवा तिला एका संग्रहालयात नेलं. विहिरीच्या चित्रासमोर थांबली नि म्हणाली, "रहाट असाच करकरायचा. तेल घाला म्हटलं तर मामा ऐकायचा नाही." दहा मिनिटं बोलत होती. मग पाय भरून आले. बसायला काही नाही, रखवालदाराची रिकामी खुर्चीही मिळाली नाही.
न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २००६मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांना, सोबतच्या माणसांसह, संग्रहालय बंद असलेल्या दिवशी बोलवायला सुरुवात केली. मोजकीच चित्रं, समोर बसून गप्पा. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टीला हे का जमू नये?

वाईकर
जमेल हो, शहरात. आमच्याकडे म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला धड एसटी नाही, तिथे चित्रं कसली! आणि चित्र बघून हा आजार बरा होत नाही. उगाच आशा लावू नये.

सदाफुली
बरा होतो असं मी कुठे म्हटलं? घरी ती दर पाच मिनिटांनी विचारते, "घरी कधी जायचं?" त्या दहा मिनिटांत एकदाही विचारलं नाही. मला तेवढं पुरतं.

पुणेरी_पाटी
वेगळ्या वेळेला माझा विरोध. आमचे बाबा ७८चे, 'ज्येष्ठांचा तास' म्हटलं की उंबरठासुद्धा ओलांडणार नाहीत. बाकं टाका, पाट्यांची अक्षरं मोठी करा (ती वाचायला मलाच वाकावं लागतं). माँट्रियलला २०१८मध्ये डॉक्टर औषधासारखी संग्रहालयाची चिठ्ठी लिहून देऊ लागले, प्रवेश फुकट. मला तेही खटकतं. चित्र बघायला आधी पेशंट कशाला व्हायचं?

अडकित्ता
बाबांचं ठीक आहे, त्यांना फक्त बाक हवाय. सदाफुलीच्या आईला शांतता हवी. शाळेची सहल आत शिरली की संपलं.
माझं मत मात्र चित्रांपेक्षा वस्तूंना. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघताना आमच्या आत्याची बोटं आपोआप सुपारी कातरल्यासारखी हलायला लागली. लिव्हरपूलची संग्रहालयं जुन्या वस्तूंच्या पेट्याच उसन्या देतात, वृद्धाश्रमात नेऊन हाताळायला. वाईकर, एसटीचा प्रश्नच मिटला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५पासून शाळांत जाते, ती वृद्धाश्रमाच्या दारात का नको?

वाईकर
पेटी पटली. बसचं म्हणाल तर आधी विचारून घ्या, चढायला पायऱ्या किती आहेत?